गिअरबॉक्स उघडण्यापूर्वी

लखनौच्या चारबाग स्थानकाच्या लाल-पांढऱ्या घुमटांसमोर, गाड्यांच्या वेळी, जुनी दोन आसनांची उघडी मोटार घेऊन उभे राहण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला असेल, त्याला या लेखाचा विषय फोड करून सांगण्याचे कारण नाही. पुढे ई-रिक्षांची अभेद्य भिंत, मागे आलमबागेकडे निघालेल्या बसचा भोंगा, दोन्ही अंगांनी हमाल, उतारू आणि त्यांचे सामानसुमान. आणि नेमक्या त्याच क्षणी डाव्या हाताखालची दांडी पहिल्या गिअरात जाण्यास नकार देते. जोर करावा, तो मोटारीच्या पोटातून दात खरवडल्याचा असा आवाज उठतो की पादचारीदेखील वळून पाहतात. मग मोटार कशीबशी गॅरेजपर्यंत न्यावी, आणि तेथे बॉनेटसुद्धा न उघडता निवाडा ऐकावा की गिअरबॉक्स गेला, खाली उतरवावा लागेल.

हा निवाडा बहुधा चुकीचा असतो, आणि तो चुकीचा का असतो हे मालकास समजावे, एवढ्यासाठीच हा लेख लिहीत आहे. गिअर बदलण्याच्या क्रियेत पायापासून चाकापर्यंत दहा-बारा घटक सहभागी असतात. गिअरबॉक्सची पेटी त्यांतला सर्वांत दणकट, सर्वांत खोल दडलेला आणि उघडण्यास सर्वांत महाग असा घटक होय. म्हणून तपासाची दिशा बाहेरून आत अशी असावी. जे स्वस्त, उघडे आणि हाताशी आहे ते आधी पाहावे, आणि पेटीस सर्वांत शेवटी हात लावावा.

मोटार कोणती, हे आधी स्पष्ट केलेले बरे. माझी स्वतःची एमजीबी आहे, त्यामुळे उदाहरणे बरीचशी तिचीच येतील. ज्यांच्याकडे मद्रासच्या कारखान्यात १९६१ पासून तयार होऊ लागलेली स्टँडर्ड हेराल्ड असेल, त्यांच्या गाडीचा गिअरबॉक्स ट्रायम्फ स्पिटफायर या नावाजलेल्या स्पोर्ट्स मोटारीच्या गिअरबॉक्सचा सख्खा भाऊबंद आहे, हे त्यांनी अभिमानाने लक्षात ठेवावे. सुट्टे भाग मागवताना या नात्याचा उपयोग होतो. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या जुन्या फिअटची दांडी स्टिअरिंगखाली असल्यामुळे तिची दुखणी थोडी निराळी असतात, त्यांचा उल्लेख ओघाने करीन. गेल्या शतकाच्या अखेरीस गोव्यात बनलेल्या, रेनॉचे इंजिन बसवलेल्या सॅन स्टॉर्मचे मालकही आपल्यात आहेत. त्यांची मोटार पुढच्या चाकांवर चालते आणि तिची रचना वेगळी आहे, तथापि क्लच आणि तेल यांविषयीचा बराचसा मजकूर त्यांनाही लागू पडेल.

प्रथम फिर्याद नीट नोंदवून घ्यावी. ‘गिअर पडत नाही’ या तीन शब्दांत निदान चार निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात. मोटार उभी असताना, इंजिन चालू असताना गिअर पडत नाही, पण इंजिन बंद करताच लोण्यात सुरी शिरावी तसा पडतो, ही एक. धावत्या मोटारीत विशिष्ट गिअरातच, विशेषतः दुसऱ्यात, खरखर होते, ही दुसरी. पडलेला गिअर उतारावर किंवा पाय उचलताच आपोआप निसटतो, ही तिसरी. आणि दांडी खिचडीतल्या पळीसारखी सैल फिरते, कोणता गिअर कोठे आहे याचा पत्ताच लागत नाही, ही चौथी. प्रत्येक तक्रारीचे मूळ वेगळ्या ठिकाणी असते, म्हणून मिस्त्रीकडे जाण्यापूर्वी मालकाने आठवडाभर एका वहीत टिपण ठेवावे: कोणता गिअर, थंडीत की तापल्यावर, वर जाताना की खाली येताना, कोणत्या वेगाला. हे दप्तर हाती असले म्हणजे निम्मे निदान झालेच.

पहिल्या तक्रारीसाठी एक साधी परीक्षा आहे, तिला दमडीही लागत नाही. इंजिन तापू द्यावे, त्याची मंद चाल मिनिटास हजार फेऱ्यांच्या आत आणावी (पुष्कळदा कार्ब्युरेटर चढा ठेवल्यामुळेच गिअर खरखरतो आणि दोष मात्र गिअरबॉक्सच्या माथी बसतो), क्लच तळापर्यंत दाबावा, मनात सावकाश पाच अंक मोजावेत, आणि मग दांडी हळूच रिव्हर्समध्ये सारावी. रिव्हर्सला सिंक्रोमेश (दात जुळण्यापूर्वी त्यांची गती सारखी करणारी रचना) नसतो. क्लच जर पूर्ण सुटला असेल तर पाच अंकांच्या अवधीत पेटीतले दंड फिरायचे थांबतात आणि रिव्हर्स मुकाट्याने पडतो. तो खरखरला तर समजावे की क्लच दाबूनही इंजिनाची गती आत पोचते आहे, आणि दोष पेटीच्या अलीकडे आहे. माझ्या पाहण्यात आलेल्या जुन्या मोटारींत ही परीक्षा बहुतेक वेळा क्लचकडेच बोट दाखवून गेली.

आता क्लचचा माग काढू. या मोटारींत पायाचा जोर तेलाच्या द्वारे पोचतो: पेडलपाशी मास्टर सिलिंडर, पेटीच्या बाजूस स्लेव्ह सिलिंडर, आणि मध्ये नळी. तेल म्हणजे आपण ज्याला सरसकट ब्रेक ऑइल म्हणतो ते, डॉट-३ किंवा डॉट-४. हे तेल हवेतला ओलावा पिते. लखनौचा श्रावण काय किंवा कोकणातला काय, दोन पावसाळे गेले की मास्टरवरच्या डबीतले तेल चहाच्या रंगाचे होते आणि सिलिंडरच्या आतल्या अंगास गंज धरू लागतो. तेव्हा दर दोन वर्षांनी हे तेल पूर्ण बदलावे. डबीत कमी पडले म्हणून कोणी इंजिन ऑइल ओतू पाहील तर त्याचा हात धरावा. खनिज तेलाने आतले रबरी वॉशर फुगतात आणि संपूर्ण व्यवस्था पुन्हा उभारावी लागते. बदलताना ब्रेक ऑइल रंगावर सांडले तर पुसत न बसता ताबडतोब भरपूर पाणी ओतावे, कारण रंग उखडण्यास त्यास फार वेळ लागत नाही.

क्लच दोन-तीनदा भराभर मारल्यावर जर गिअर सुरळीत पडत असेल, तर नळीत हवा आहे किंवा वॉशर झिजला आहे. हवा काढण्याची नेहमीची रीत म्हणजे एकाने पेडल मारावे आणि दुसऱ्याने खाली निपल सोडावे. पण एमजीबीसारख्या मोटारीत हवेचा बुडबुडा वरच्या वळणात असा अडून बसतो की तासभर पेडल मारूनही तो हटत नाही. अशा वेळी उलट्या वाटेने जावे: तेलाच्या कुपीला रबरी नळी जोडून स्लेव्हच्या निपलातून तेल खालून वर ढकलावे. हवेचा स्वभाव वर जाण्याचा आहे, तिला तिच्या मार्गाने जाऊ द्यावे. डबी मात्र भरून वाहू नये म्हणून वर एक माणूस बसवावा.

इतके करूनही सुधारणा नसेल तर फूटपट्टी घेऊन मोटारीखाली शिरावे, आणि स्लेव्हची दांडी पेडल पूर्ण दाबल्यावर किती सरकते ते मोजावे. (शिरण्यापूर्वी मोटार नुसत्या जॅकवर किंवा विटांच्या चळतीवर कदापि ठेवू नये, वीट न सांगता फुटते. लोखंडी स्टँड नसतील तर जाड, अखंड लाकडी ठोकळे वापरावेत.) एमजीबीत ही सरक सुमारे अर्धा इंच असावी. ती कमी भरली तर चोर शोधण्यास दूर जाणे नको. पेडल आणि मास्टर सिलिंडरची दांडी यांना जोडणारी एक लहानशी पिन असते. चाळीस-पन्नास वर्षांत ती मधोमध झिजून डमरूच्या आकाराची होते, आणि ती ज्या भोकांत बसते ती लांबट होतात. या मोटारीत मास्टरचा व्यास पाऊण इंच आणि स्लेव्हचा सव्वा इंच, त्यामुळे मास्टरच्या बाजूस सुमारे तीन मिलिमीटर चाल वाया गेली की स्लेव्हच्या बाजूस एक मिलिमीटर कमी मिळते. आणि क्लच सुटण्या-न सुटण्यातला फरक पुष्कळदा तेवढाच असतो. नवी पिन काही रुपयांना येते. लांबट झालेले भोक वेल्डिंगने भरून पुन्हा गोल पाडून घ्यावे. ज्या मोटारीचा गिअरबॉक्स उतरवण्याची तजवीज चालली होती, ती या एका पिनेने बरी झालेली मी पाहिली आहे. नळीचा रबरी तुकडाही पाहावा. जुने रबर बाहेरून धडधाकट दिसते, पण पेडल दाबले की पोटातल्या पोटात फुगते आणि पायाचा जोर तेथेच मुरतो.

पुष्कळ दिवस उभ्या राहिलेल्या मोटारीत क्लचप्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली असते, किंवा ती ज्या खाचांवरून सरकते त्यांवर गंज चढलेला असतो. स्लेव्हची दांडी पूर्ण अर्धा इंच सरकते आणि तरीही रिव्हर्स किंचाळतो, असे असेल तर हा संशय धरावा.

येथवर सारे ठीक निघाले आणि रिव्हर्सच्या परीक्षेत मोटार तरीही नापास झाली, तर एका अशा भागाकडे यावे लागते ज्याचे नाव मालकाच्या तोंडी क्वचितच असते. क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकास एक भोक असते, त्यात पितळेच्या रंगाचा, अंगठ्याएवढा एक बुश बसवलेला असतो, आणि गिअरबॉक्समधून पुढे आलेल्या दंडाचे टोक त्यात फिरते. क्लच दाबला की क्रँक फिरत राहते आणि दंड थांबावा अशी अपेक्षा असते. बुश कोरडा पडून दंडाला धरू लागला, तर क्लच कितीही चांगला सुटो, क्रँक त्या बुशाच्या द्वारे दंडास ओढत राहते, आणि वर बसलेल्या माणसास गिअरबॉक्स बिघडल्याचा भास होतो.

या बुशाच्या बाबतीत मी स्वतः एक चूक केली. चारबागेचा सारा परिसर लोहाराच्या, फिटराच्या, खराद्याच्या हातांवर वाढलेला आहे. येथल्या रेल्वेच्या लोको कारखान्यात पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी इंजिने उघडली आणि मिटवली, आणि त्या हातांची किंवा त्या हातांकडून शिकलेल्यांची लेथ आजही नाक्याच्या मागच्या गल्ल्यांत फिरताना ऐकू येते. अशाच एका वृद्ध खराद्यास मी जुना बुश दाखवला. त्याने फॉस्फर ब्राँझचा घट्ट तुकडा घेऊन, मोजमापात केसाचाही फरक न करता, असा देखणा बुश करून दिला की तो बसवण्यापूर्वी मी तो दोन दिवस टेबलावर ठेवला होता. सहा महिन्यांत गिअर पुन्हा अडू लागला. उघडून पाहिले तो दंडाच्या टोकावर ओरखडे, आणि बुश आतून काळानिळा. खराद्याचा यात काडीमात्र दोष नव्हता; त्यास जे सांगितले ते त्याने उत्कृष्ट केले. मूळ बुश घट्ट धातूचा नसतो, तर ब्राँझची भुकटी दाबून, भाजून केलेला, सच्छिद्र असतो. त्या सूक्ष्म छिद्रांत तेल भरलेले असते आणि तेच त्यास जन्मभर पुरते, कारण त्या अंधाऱ्या जागी तेल पोचवण्यास दुसरा मार्ग नाही. घट्ट ब्राँझ कितीही सुबक असले तरी ते तेल पोटात धरू शकत नाही.

तेव्हा बुश सच्छिद्र धातूचाच मागवावा, आणि बसवण्यापूर्वी त्यास तेल पाजावे. रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवणे ही एक रीत. घाई असेल तर बुशाचे एक तोंड बोटाने बंद करून आत तेल भरावे, वरचे तोंड अंगठ्याने दाबावे, आणि दाब वाढवीत जावे. क्षणार्धात बुशाच्या बाहेरच्या अंगावर तेलाचे बारीक थेंब घामासारखे फुटलेले दिसतात. ते दिसले म्हणजे बुश अस्सल आहे याची खात्रीही आपोआप होते.

आता तेलाविषयी. या प्रकरणात जितका अनर्थ सदिच्छेने होतो तितका दुर्लक्षानेही होत नाही. लाटूश रोडवरच्या मोटारीच्या दुकानांत ‘सर्वांत भारी गिअर ऑइल द्या’ असे सांगणारा मालक बहुधा जीएल-५ प्रतीचा डबा घेऊन घरी येतो. हे तेल मागच्या आसातल्या डिफरन्शियलसाठी उत्तम आहे. पण त्यातली गंधकयुक्त द्रव्ये सिंक्रोमेशच्या पितळी रिंगांना कालांतराने खाऊ शकतात, शिवाय त्याच्या निसरडेपणामुळे रिंगेस जी पकड घ्यायची असते ती घेता येत नाही. ट्रायम्फच्या घराण्यातल्या पेटीस जीएल-४ प्रतीचे तेल द्यावे. एमजीबीच्या पेटीत तर गिअर ऑइल नव्हेच, इंजिनाचेच २०डब्ल्यू-५० तेल घालायचे असते, हे ऐकून पुष्कळ मिस्त्री मान हलवतात. त्यांच्याशी वाद न घालता कारखान्याची पुस्तिका पुढे ठेवावी. आपल्या मोटारीच्या पुस्तिकेत जे लिहिले असेल तोच अखेरचा हुकूम मानावा.

सिंक्रोमेशचे काम थोडक्यात असे. गिअर पडण्यापूर्वी पितळी रिंग गिअरच्या उतरत्या कडेवर दाबली जाते आणि घर्षणाने दोघांची गती सारखी करते. गती सारखी झाली की दात दातांत निमूटपणे सरकतात. रिंगेच्या आतल्या बारीक खाचा झिजून गुळगुळीत झाल्या की ती पकड घेत नाही. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना गतीतला फरक मोठा असतो, आणि शहरात दुसऱ्याचा वापरही सर्वांत अधिक, म्हणून दुसऱ्याची रिंग सर्वांआधी जाते. चारबाग ते नाका हिंडोला एवढ्याशा अंतरात पहिला-दुसरा, दुसरा-पहिला किती वेळा करावा लागतो ते एकदा मोजून पाहावे! जानेवारीच्या पहाटे पहिल्या दोन-तीन किलोमीटरपर्यंत दुसरा गिअर जड लागला आणि नंतर सुधारला, तर ते घट्ट झालेल्या तेलाचे लक्षण समजून स्वस्थ राहावे. तापल्यावर खरखर वाढत असेल तर मात्र रिंग झिजली असे धरावे. तेल नेहमी गरम असताना काढावे आणि पांढऱ्या चिनी मातीच्या ताटलीत उन्हात पाहावे. सोनेरी चमक दिसली तर ती रिंगांची भुकटी होय. बोटांना टोचणारे पोलादी कण दिसले तर दात किंवा बेअरिंग तुटत आहे, आणि त्या दिवसापासून मोटार चालवू नये.

कानाचाही उपयोग करावा. ज्या लखनौत भातखंड्यांनी १९२६ साली संगीताचे विद्यालय उभे केले आणि स्वर ओळखण्याची शिस्त घालून दिली, त्या नगरात राहणाऱ्या मराठी माणसाने एवढा कान तयार केला तर ते शोभूनच दिसेल. मोटार उभी, गिअर न्यूट्रलमध्ये, पाय क्लचवरून काढलेला: या स्थितीत घरघर ऐकू येते आणि क्लच दाबताच थांबते, तर पेटीतले पुढचे बेअरिंग किंवा खालचा दंड झिजला आहे. उलट, क्लच दाबल्यावरच सूं असा आवाज सुरू होत असेल तर क्लचचे रिलीज बेअरिंग पाहावे.

गिअर निसटण्याची तक्रार आली की प्रथम इंजिनाचे आणि गिअरबॉक्सचे रबरी माउंटिंग पाहावे. ते तेलाने कुजले असेल तर पाय उचलताच इंजिन मागेपुढे डुलते आणि दांडीस ओढून न्यूट्रलमध्ये आणते. सैल दांडीचे कारण तर जवळजवळ नेहमीच नायलॉनचे किंवा रबराचे बुश असतात. हेराल्ड-स्पिटफायरमध्ये ते दांडीच्या खालच्या लांब जोडात बसतात आणि आतून, बैठकीच्या बाजूने, सहज बदलता येतात. फिअटवाल्यांनी स्टिअरिंगच्या दंडाच्या तळाशी असलेले बुश आणि आडव्या दांड्यांचे सांधे पाहावेत. त्यांची लांबी जुळवून घेतली की हरवलेला रिव्हर्स पुष्कळदा सापडतो.

चालवणाऱ्याच्या सवयींचाही थोडा हिशेब घ्यावा लागेल. गप्पा मारता मारता दांडीवर हात टेकून ठेवणे मोडावे, कारण तेवढ्या वजनाने आतला फोर्क फिरत्या कड्यावर घासत राहतो. जुन्या मोटारींत पहिल्या गिअरास सिंक्रोमेश नसतो. एमजीबीत तो १९६७ च्या अखेरीस आला, हेराल्डला तो नव्हताच. अशा मोटारीत उभे असताना पहिला टाकण्यापूर्वी दांडीने दुसऱ्यास क्षणभर स्पर्श करावा. दुसऱ्याची रिंग आतल्या दंडांना थांबवते आणि पहिला निःशब्द पडतो. धावत्या मोटारीत पहिल्यावर यायचे असेल तर दुहेरी क्लच करावा: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून इंजिनाला किंचित चढ, पुन्हा क्लच दाबून पहिला. आठवडाभर मोकळ्या रस्त्यावर सराव केला की पाय स्वतःच हे करू लागतो.

आणि इतक्या सर्व तपासानंतर पेटी उघडण्यावाचून गत्यंतर नाही असे ठरले, तर आपल्या मोटारीची रचना जाणूनच काम द्यावे. हेराल्ड आणि स्पिटफायर यांचा गिअरबॉक्स मधले आच्छादन काढून आतल्या बाजूने, इंजिनास न हलवता उचलता येतो. एमजीबीत गिअरबॉक्स एकटा उतरत नाही, त्यासाठी इंजिनही बाहेर काढावे लागते. एवढा खटाटोप झालाच आहे तर क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, तो सच्छिद्र बुश आणि पुढचे-मागचे ऑइल सील हे सारे त्याच वेळी नवे घालावे. जुने चालतील असे कोणी म्हटले तरी मोह धरू नये. काढलेला प्रत्येक भाग क्रमाने मांडून छायाचित्र घ्यावे, आणि दंडावरच्या लहान गोळ्या व स्प्रिंगा कापडाच्या झोळीत झेलाव्यात; त्या उडाल्या की नालीतच जातात.

जोडणी झाल्यावर पहिली फेरी भल्या पहाटे, रस्ता मोकळा असताना घ्यावी. मी चारबागेहून मेट्रोच्या पुलाखालून ट्रान्सपोर्ट नगरापर्यंत जातो आणि परत येतो; प्रत्येक गिअर चढताना आणि उतरताना दोन-दोनदा तपासतो, आणि घरी येऊन मोटारीखाली जुने वर्तमानपत्र पसरून ठेवतो. सकाळी त्यावर डाग किती आणि कोठे पडले ते पाहून बोल्ट पुन्हा आवळावेत. पाचशे किलोमीटर झाले की नवे घातलेले तेलही काढून टाकावे, कारण नव्या रिंगा बसताना पहिल्या काही दिवसांत थोडी भुकटी सोडतातच. ताटलीत तेव्हा दिसणारी सोनेरी झाक पाहून घाबरू नये, दुसऱ्या खेपेस ती दिसता कामा नये.